भाऊजींचं डोकं सुनेच्या हाती

माझे भाऊजी गुणवंतराव कुरखेड्याचे, धानाची शेती. माझ्या बहिणीशी, रुखमाबाईशी, त्यांचं लग्न होऊन अडतीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी त्यांचं उघडं डोकं दोनदा पाहिलं, अन दोन्ही वेळा ते आंघोळ करत होते. सून रीता घरी असली की डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा झोपेतही सुटत नसे. रीताही तशीच. चार वर्षांत सासऱ्याशी थेट बोललेले तिचे शब्द मोजले तर दोनच भरतील, "जेवाले चला." बाकी सगळा कारभार तिचा नवरा निकेश याच्यामार्फत.

अशा माणसाच्या डोक्यात गाठ निघाली. उजव्या हातातून घास गळायला लागला होता. रुखमाबाई भरवायला गेली तर म्हणाले, "मी काय लेकरू आहो?"

चंद्रपूरच्या इस्पितळात डॉक्टर मोनाली चहांदे यांनी फोटो पाहून सांगितलं, "कर्करोग वाटत नाही. पण गाठ हात चालवणाऱ्या भागाला टेकली आहे. मऊ असेल तर सरळ ओढून घेईन. टणक असली अन तशीच ओढली, तर हात जाईल. आधी ते कळलं पाहिजे."

ते कळायची सोय त्याच इस्पितळात होती, अन ते मशीन चालवायची तिथंच नोकरीला असलेली आमची रीता! मशीनमध्ये डोक्याखाली एक छोटी गादी थरथरते. तिच्या लाटा मेंदूतून पसरतात, टणक जागेतून भरभर, मऊ जागेतून हळू. त्यावरून कॉम्प्युटर नकाशा रंगवतो. टणक ते लाल, मऊ ते निळं.

भाऊजी अडले भलत्याच ठिकाणी.

"सून माह्या डोक्याले हात लावन?"

"मशीन लावते, भाऊजी."

"अन मशीन कोन चालवते, तुहा बाप?"

शेवटी तडजोड झाली. आत रीताचा सहकारी सुनिल, रीता काचेपलीकडं. तरी दुपट्टा सुटेना. रीताताईचे सासरे म्हणून सुनिल नरमला. "धातू नाई ना? सुती आहे, राहू द्या." डोक्याभोवतीचे तीन फेरे नीट बसवून दिले ते मीच. मग त्यावर पिंजऱ्यासारखं झाकण आलं, अन काचेतून काही दिसायची सोय उरली नाही.

नकाशा आला. सगळी गाठ निळी. रुखमाबाईनं हात जोडले, निकेशनं गावाला फोन लावला. डॉक्टरीणबाईही खूश दिसल्या. एकटी रीता पडद्याला नाक लावून उभी.

"मॅडम, हे खरं नाई. लाटा आत पोचल्याच नाईत, म्हणून सारं निळं दिसते. सुनिलदादा, डोक्याखाली काय होतं?"

सुनिलनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं.

रीता तरातरा आत गेली. भाऊजी अजून तसेच पडून होते. चार वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर आलं.

"मामाजी, काढा तो दुपट्टा! सारी थरथर त्यानंच खाल्ली. त्या खोट्या निळ्यावर मॅडम गाठ ओढतीन अन तुमचा हात जाईन. मंग घास कोन भरवन? मी भरवू?"

भाऊजींचे कान लाल झाले. सुनेच्या हातून घास! दुपट्टा त्यांनी स्वतःच सोडला अन तिच्या हाती दिला. रीतानं दोन्ही तळव्यांत ते पांढरं डोकं धरून गादीवर सरळ बसवलं.

"हलू नोका."

"नाई हालत, बाई."

हलले नाहीत. इतका वेळ गप्प राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

या वेळी गाठ बरीचशी निळीच होती, पण मागच्या कडेला, हाताच्या भागाला चिकटून, बोराएवढा लाल ठिपका. डॉक्टरीणबाईंनी शेजारी खुर्ची ओढली, रीताला बसवलं अन म्हणाल्या, "नीट दाखव." ठरलं ते असं. मऊ भाग आधी आतून पोकळ करायचा, लाल ओढायचं नाही, ते शेवटी कणाकणानं सोडवायचं.

ऑपरेशनला सात तास लागले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या अन आधी रीताकडं गेल्या. "तू दाखवलंस तिथंच होतं. सुपारीसारखं टणक. ओढलं असतं ना..."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाऊजींच्या उजव्या मुठीत आपली दोन बोटं दिली. "दाबा."

भाऊजींनी दाबली.

"हळू, काका, हळू! याच बोटांवर पोट आहे माझं."

रुखमाबाई रडली. मी फक्त चष्मा पुसला.

आता महिना होत आला. भेटायला येणाऱ्यांना भाऊजी ही हकीकत ऐकवल्याशिवाय उठू देत नाहीत. पहिल्या आठवड्यात ऑपरेशन अर्धं डॉक्टरीणबाईंनी केलं होतं, अर्धं रीतानं. दुसऱ्या आठवड्यात बाईंकडं पाव हिस्सा उरला. परवाच्या रविवारी तर त्या नुसता लाइट धरून उभ्या होत्या.

आतून रीताचा आवाज आला, "मामाजी, ऑपरेशन मॅडमनं केलं. मी फक्त नकाशा काढला."

ओसरीवरचे पाचही पाहुणे दाराकडं वळले. सून सासऱ्याला टोकते, तेही चारचौघांत!

भाऊजींनी एकेकाच्या तोंडाकडं पाहून घेतलं.

"ऐकलं ना?" ते म्हणाले. "मोठे मानसं कधी सोताचं सांगत नाईत."