भिंतीवरचा सुविचार

तीन आठवडे मी सहावीच्या पोरांपुढे घसा कोरडा करत होते. जाहिरात दिसली की तीन प्रश्न विचारायचे: हे कोण सांगतंय, कशासाठी सांगतंय, पुरावा काय? पोरांनी प्रश्न पाठ केले, धडाधड म्हणून दाखवले. आणि मोनाली मधल्या सुट्टीत डबा बंदच ठेवून जोमीन या ताकदीच्या पेयाची बाटली तोंडाला लावायची.

मोनाली केळीवाल्या भाईदासची मुलगी, शाहपूरहून बुऱ्हाणपूरला बसने येते. चारशे मीटरला तिच्या पुढे कोणी जात नाही. शनिवारी जिल्ह्याची निवड होती आणि या बाईसाहेब भाकरी-केळी सोडून पुडीतली पूड पाण्यात कालवून पीत होत्या. मंगळवारी सरावात दुसऱ्याच फेरीला चक्कर येऊन पडली. माझं डोकंच फिरलं.

"डबा का नाही खाल्लास?"

"पेट भारी होतं, मॅडम. मग दौडता नाही येत."

"कोणी सांगितलं? टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या त्या पोराने? त्याला बोलायचे पैसे मिळतात, बयो! मग मी तीन आठवडे कोणापुढे बडबडतेय?"

"टीव्हीवालं तर झूठ राहतं, मालूम आहे मले."

"मग कशाला पितेस?"

"जोमीन तर सुविचार आहे ना, मॅडम."

मला काही कळेना. तिने मला पटांगणाच्या भिंतीपाशी नेलं. रोज प्रार्थनेनंतर मुलं या भिंतीवरचा एक सुविचार मोठ्याने वाचतात. 'नेहमी खरे बोला.' 'वेळ वाया घालवू नका.' आणि त्याखाली, त्याच निळ्या रंगात: 'जो जोमीन पितो, तोच सदा जिंकतो.'

जूनमध्ये जोमीनच्या कंपनीने भिंतीसाठी रंग फुकट दिला होता. अट एवढीच, एक ओळ त्यांची. हेडसर म्हणाले, "दीपाली मॅडम, पेंटर कशाला, तुमचं अक्षर मोत्यासारखं." मी फुशारून दिवसभर स्टुलावर उभी राहून सगळे सुविचार लिहिले होते. ती ओळसुद्धा. नंतर विसरूनही गेले. स्वतःचाच राग आला.

"तुम्हीच शिकवलं ना," मोनाली म्हणाली, "पहिले पाहायचं, कोण सांगतंय. मी पाहिलं. अक्षर तुमचं आहे."