लाल रेघ चुकली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. एका पत्राला दोन वर्षं उत्तर गेलं नाही आणि त्यात थोडा दोष माझाही आहे. त्यामुळे सांगताना संकोच वाटतो.

कारखान्यात माझं अर्धं अंग लाल आणि अर्धं निळं रंगवलं गेलं. तिथून मी एका सरांच्या टेबलावर आले. सर परीक्षांसाठी तर्क शिकवत. पाच-सहा वाक्यांचा उतारा देऊन ते विचारत, यातला मुख्य निष्कर्ष कोणता? त्याखाली लाल रेघ मारायची आणि कारणांखाली निळी. प्रत्येक उताऱ्यात लाल रेघ एकच, निळ्या मात्र चार-पाच. त्यामुळे माझी निळी बाजू आधी संपली.

बहुतेक विद्यार्थी शेवटच्या वाक्याखालीच लाल रेघ मारत. सर न रागावता सांगत, "शेवटी आलं म्हणून ते निष्कर्ष होत नाही. प्रत्येक वाक्याला 'का' विचारा. ज्या वाक्याच्या 'का'ला बाकीची वाक्यं उत्तर देतात, तो निष्कर्ष." कुणी पास झालं की सर मला कानावर खोचून खोलीभर फिरत. मी फार काही केलं होतं असं मला वाटत नसे, पण तिथे बरं वाटे.

पुढे शिकवणी बंद झाली आणि एके दिवशी सरांच्या ताईचं पत्र आलं. "तू इकडे राहायला ये. खालची खोली मोकळी आहे. माझी नजर अधू झाली, वाचून दाखवायला कुणी नाही. आणि तुला आता एकट्याने झेपत नाही."

सरांच्या हाताला सवय होती. त्यांनी मला उचललं आणि शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. मीच ती उमटवली. "मला झेपत नाही म्हणे," असं पुटपुटत त्यांनी पत्र आणि मला एकाच खणात टाकलं. ताईचं दुसरं पत्र आलं नाही, त्यामुळे सरांची अढी आणखी घट्ट झाली. मी टाचण्यांच्या डबीशेजारी पडून राहिले.

मग वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई बढतीच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन येऊ लागल्या. माझ्यासाठी पुन्हा खण उघडला. दोन महिन्यांत बाई तयार झाल्या. एका दुपारी सरांनी ताईचं पत्र कोऱ्या कागदावर उतरवलं आणि एका बहिणीने भावाला लिहिलंय, एवढंच सांगून पुढे सरकवलं.

बाईंनी पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ ओढली. "तू ये, हाच निष्कर्ष. बाकी सगळी कारणं."

"आणि ते शेवटचं?"

"तेही कारणच, सर. पण भावाने नेमकं तेच धरून ठेवलं असणार. आमचे हे पण असंच वाचतात."

सर हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "त्याने उत्तर दिलं नाही. आणि बहिणीनेही पुन्हा लिहिलं नाही."

"लिहिणार कशी? हेही कसंबसं लिहिलं असेल. तिला दिसत कुठंय?"

 हे सरांना दोन वर्षांत सुचलं नव्हतं. मग त्यांनी पोस्टकार्ड काढलं. पेनाची बारीक अक्षरं ताईला वाचता येणार नव्हती, म्हणून मला टोक केलं. माझा उरलासुरला लाल तुकडा बोटांत जेमतेम धरता येत होता. नखाएवढी मोठी अक्षरं उमटली: "ताई, मी येतो. कारणं आल्यावर सांगतो."

मित्रांनो, मला उपदेश करायचा अधिकार नाही. तरी दोन गोष्टी मागते. पेन्सिलीला टोक करताना हात हलका ठेवा. आणि आपल्या माणसाचं पत्र वाचताना जे वाक्य बोचेल, त्याखाली लगेच रेघ मारू नका. आधी सगळं वाचा.

सर मला सदऱ्याच्या खिशात घालून कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले. पत्ता दोनदा तपासला आणि कार्ड आत सोडलं.