तीन बाहेर, दोन आत

भावना माझी सून. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या एका कॉलेजात तिला नोकरीसाठी पाठ घेऊन दाखवायचा होता. मागच्या खेपेला अशाच पाठात एका प्रश्नाशी ती अडली होती: पेशी सोडियम सतत बाहेर फेकते, तर फेकायला ते आत उरतं कुठून? उत्तर पाठ होतं, तोंडातून निघालं नाही. घरी येऊन माझी अळणी आमटीसुद्धा मुकाट जेवली.

माझी शाळा सातवीत सुटली, पण तिची पुस्तकं मी झोपाळ्यावर वाचते. म्हटलं, ‘‘आमच्यावरच घे की पाठ.’’

शिरगावच्या आमच्या घरी त्या दिवशी पापड लाटायला आळीतल्या बायका आल्या होत्या. घर झालं पेशी. निम्म्यांच्या हातात खडेमीठ दिलं. त्या सोडियम, घरात. उरलेल्यांना केळी, त्या पोटॅशियम, अंगणात. पेशीतलं सोडियम बाहेर काढणारा पंप म्हणून पुढच्या दारात शालूवन्सं बसल्या. माझी नणंद. कुणी आत यायचं, कुणी नाही, हे तशाही त्याच ठरवतात.

‘‘तीन मीठ बाहेर, दोन केळी आत,’’ भावना म्हणाली. ‘‘दर फेरीला पंपाला ताकद लागते.’’

‘‘मंग भजं द्या. फुकट नाय बसायची मी.’’

दोन फेऱ्या झाल्या. दोन भजी गेली. केळीवाल्या आत येऊन केळी खाऊनही मोकळ्या झाल्या.

‘‘मीठ संपलं,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘आता मी कोनाला काढू?’’

पुन्हा तोच प्रश्न. भावनाचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे... संहतीच्या फरकामुळे...’’ ती चाचरली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कढई वाजली. मिठाची मंदा तिथं उभी!

‘‘गो मंदे, तुला आत्ताच हाकलली ना?’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘मागचं दार उघडं हाय. भायेर केवडी दाटी, आत कसं मोकळं!’’

‘‘तुला कुणी ढकललं?’’ भावनाने घाईने विचारलं.

‘‘मला कोन ढकलनार? माजी मी आली.’’

भावनाने टाळीच वाजवली. ‘‘हाच संहतीचा फरक! दाटीतून मोकळ्यात आपोआप. मागच्या दाराला भजं लागत नाही. म्हणून तर पुढच्या दाराला जन्मभर सुट्टी नाही!’’

‘‘माजं नशीबच तसलं,’’ वन्सं म्हणाल्या.

मला राहवेना. मी ओरडले, ‘‘भजी संपत आली गं!’’ झालं! अंगणातलं सगळं मीठ मागच्या दाराने भसकन आत घुसलं.

‘‘बोटाला चटका बसला की असंच होतं,’’ भावना हसत म्हणाली. ‘‘मज्जातंतूत दारं उघडतात, सोडियम आत धावतं, आणि ती खबर पुढे पळते.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ‘‘आई, तोच प्रश्न विचारला!’’

‘‘मग?’’

‘‘वर्गाला दोन दारं होती. पोरांनाच पळवलं. सोमवारी रुजू व्हायचंय.’’

मी ओरडतच अंगणात गेले. बातमी ऐकून वन्संनी डोळे पुसले. मग दारात नीट बसकण मारून म्हणाल्या, ‘‘पंपाचं भजं कुटं हाय?’’

मी कढई चढवली.