रत्नपालच्या आकृत्यांचा उजवा पाय

रत्नपाल मेश्रामने ॲनिमेट केलेली प्रत्येक आकृती उजव्या पायाने लंगडत असे.

म्हातारा असो, पोलीस असो की छत्री घेतलेले अस्वल असो, लंगडणे सुटत नसे. ते बारीक होते, पण नजरेला खुपे. २०११ साल होते. गोंदियाच्या एका खासगी महाविद्यालयात रत्नपाल ॲनिमेशनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि मार्चमध्ये नागपूरचा एक स्टुडिओ वर्गातून एकच विद्यार्थी निवडणार होता. ते लोक फक्त चाल पाहतात, असे बिसेन सरांनी आधीच सांगून ठेवले होते. आकृतीला वजन आहे की ती नुसतीच तरंगते, हे चालण्यातच कळते. नवेगाव बांधहून आलेल्या रत्नपालला दुसरे काही येत नव्हते आणि दुसरे काही करायचेही नव्हते.

दोषाची कारणे वर्गात पुष्कळ निघाली. खोलीतला सोबती टेकचंद म्हणे, सॉफ्टवेअर चोरीचे आहे, ते असेच वागणार. कुणी नजर लागल्याचे सुचवले. बारावीला विज्ञान घेतलेल्या रत्नपालने नजरेचा विचारही केला नाही. बाकीची कारणे मात्र एकेक करून तपासली. टेकचंदच्या संगणकावर त्याने काम करून पाहिले, आकृती लंगडली. टेकचंदला आपल्या संगणकावर बसवले, तर आकृती सरळ चालली. मग त्याने डाव्या पावलाची नक्कल उजव्यावर चिकटवली. लंगडणे गेले, पण जीवही गेला.

"हा माणूस नाही," बिसेन सर म्हणाले, "राइस मिलचा पट्टा आहे."

म्हणजे दोष यंत्रात नव्हता, त्याच्या हातात किंवा डोक्यात होता. त्यापुढे तपास सरकेना.

बिसेन सरांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. चित्रफितीवरून गिरवलेले काम ते तपासतही नसत. उठा, चाला, वजन कोणत्या पायावर केव्हा येते ते अंगात घ्या, मग बसा, असे ते सांगत. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात कुणी ना कुणी फेऱ्या मारताना दिसे. इतर दोन फेऱ्यांत आटोपत. रत्नपाल पाय ठणकेपर्यंत चाले; पाय सगळ्यांचेच ठणकतात, अशी त्याची समजूत होती. तो जितका मन लावून चाले, तितकी त्याची आकृती अधिक लंगडे. यातली विसंगती त्याला दिसत होती, अर्थ लागत नव्हता.

मार्चमध्ये स्टुडिओची दोन माणसे आली. खांद्यावर धानाचे पोते घेऊन जाणारा हमाल समोर बसून करून दाखवा, असे त्यांनी सांगितले. रत्नपाल व्हरांड्यात गेला, नसलेले पोते खांद्यावर घेऊन चालला, परत येऊन कामाला लागला. ओझ्याने दोष वाढला. हमाल जवळजवळ कोसळत चालला होता. त्यांच्यापैकी एकाने सभ्यपणे विचारले, की हा माणूस मुद्दाम लंगडा ठेवला आहे का? रत्नपालने नाही म्हणून सांगितले. हो म्हटले असते तर कदाचित निभावले असते, हे त्याला उशिरा सुचले. निवड टेकचंदची झाली.

 त्या संध्याकाळी रत्नपालने टेकचंदला मोबाइल काढायला लावला आणि आपले चालणे बाजूने टिपायला सांगितले. सरांचा नियम मोडायला आता हरकत नव्हती. चित्रफीत संगणकावर घेऊन त्याने ती फ्रेमफ्रेमने पुढे सरकवली. उजवा पाय जमिनीवर पुरता टेकण्याआधीच उचलला जात होता आणि धड उजवीकडे कलत होते. शेजारी त्याने हमाल लावला. दोन्ही चाली तंतोतंत जुळल्या.

"तुले माहीत नव्हतं?" टेकचंदने विचारले.

"काय?"

"तू असाच चालते ना बे. पहिल्या दिवसापासून. आमाले वाटे, हिरोगिरी करून राहिला."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"मुद्दाम लंगडते, त्याले काय सांगाचं?"

रत्नपाल दुसऱ्या दिवशी गावी गेला. आई, रुक्माबाई, अंगणात मासे साफ करत होती. त्याने विचारले तसे तिने हात न थांबवता सांगितले, की लहानपणी त्याला वरचेवर ताप यायचा, हाडे दुखायची, पाय टेकवत नसे. पुढे चालू लागला तो असाच. त्याचा थोरला भाऊ अतुलही तसाच रडायचा. तो पाचव्या वर्षी गेला.

"तू जगला, तेच लय झालं," ती म्हणाली. "चालते कसा, ते कोन पाहते?"

गोंदियाच्या दवाखान्यात रक्त तपासले, खुब्याचा एक्सरे काढला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट समजावले. रुक्माबाईने फक्त अतुलचे विचारले. त्याचे रक्त कधी तपासले नव्हते, तेव्हा खात्रीने सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. मात्र शक्यता तीच आहे. 

कारण असे होते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची दोन जनुके रत्नपालला मिळाली होती. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी उजव्या खुब्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे अडकत गेल्या, मांडीच्या हाडाचा गोळा रक्तावाचून मरून खचला, आणि शरीर त्या पायावर कमी वेळ टेकू लागले. हे इतक्या सावकाश घडले, की ती चाल त्याला सरळच वाटत आली. प्रत्येक आकृतीचे चालणे तो स्वतःच्या चालण्यावरून घेत होता, म्हणून प्रत्येक आकृती लंगडत होती.