भुताळी सरपंच

टोकावड्याच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत वळलं की हौसाचं गाव. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा तिला कुणी विचारलंच नाही. गावचा जुना पुढारी अनिल आणि हौसाचा नवरा ज्ञानेश्वर ओटीवर बसले, चहा प्याले आणि तिचं नाव ठरलं. कारभार या दोघांनी बघायचा, सही तिनं करायची.

पहिल्याच ग्रामसभेत ज्ञानेश्वर टेबलामागच्या खुर्चीकडं निघाला, तर हौसा आधीच जाऊन बसलेली. तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. निवडून आपण आलोय, मग बसायचं आपणच, एवढाच तिचा साधा हिशेब. माणसं हसली. ज्ञानेश्वरही हसला, पण त्या दिवशी घरी जेवला नाही.

पुढं ती एसटीनं एकटीच मुरबाडला पंचायत समितीत जाऊ लागली. खेटे घालून घालून तिनं गावाबाहेरच्या वाडीवर नळ आणला. तोवर वाडीतल्या बाया ओहोळात खड्डा खणून वाटीवाटीनं हंडे भरायच्या. नळाला पाणी आलं तेव्हा चिमा म्हातारीनं हौसाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

गावाला मात्र ते झोंबलं. "वाडीला पानी पयलं, आन् आमी मागून?" इथून सुरू झालं आणि "मुरबाडला रोज कोनाला भेटते?" इथवर आलं. हौसानं तेही गिळलं. हेच अनिलनं केलं असतं तर गावानं त्याला खटपट्या म्हटलं असतं, हे तिला कळत होतं.

भादव्यात चिमाचा नातू तापानं फणफणला आणि दवाखान्यात नेतानेता वाटेतच गेला. दिवस झाले न झाले तोच अनिल आपल्या जीपमधून भगताला घेऊन वाडीवर आला. भगतानं सुपात तांदूळ मांडले, बराच वेळ बघितले. नाव त्यानं घेतलं नाही. "बाप्यांच्या वर जाऊन बसली, ती भुताळी. तिची नजर हाय," एवढंच म्हणाला.

हौसा भेटायला गेली तर चिमा दारातच उभी राहिली.

"आत नको येऊस."

"चिमाबाय, मी गो. हौसा."

"म्हनून तं. पोर तुज्या मांडीवर खेळलाय."

चिमाच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. हौसा आल्या पावली परतली.

तिनं पोलिसांत तक्रार दिली. हवालदार वाडीत आणि गावात फिरून आला. "तुमचं नाव कोणीच घेतलं नाय म्हणतात. लिहू तरी कोणावर, बाई?"

तोवर घरात सासूनं, बाईजानं, तिला चुलीपासून उठवलं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं होतं. रस्त्यानं ती दिसली की बाया लेकरांची तोंडं पदराखाली घ्यायच्या.

"राजीनामा दे," ज्ञानेश्वर म्हणाला. "सगलं निवंल."

"पन मी काय केलंय?"

"बसलीस ना."

तिनं राजीनामा दिला नाही. मग अविश्वास ठराव आला. सदस्यांचे हात वर गेले, त्यात बायांचेही होते. नंतर त्या ठरावावर ग्रामसभेत गावाचं मतदान झालं. वाडीतली माणसं अनिलच्या जीपमधून आली. रांगेत चिमाही होती. हौसा समोरून गेली तेव्हा चिमा जमिनीकडं बघत राहिली.

हौसाचं पद गेलं आणि पोटनिवडणुकीत अनिलची बायको भागी सरपंच झाली. खुर्चीवर अनिल बसू लागला. "भागी गरीब हाय, कोनाच्या अध्यात ना मध्यात," गाव कौतुकानं म्हणू लागलं. वाडीच्या नळाची चावी कुणीतरी बंद केली. विचारायला कुणी गेलं नाही. बाया पुन्हा ओहोळात उतरल्या.

पौषात धाकट्या जावेला, पूजाला, मुलगा झाला. पूजा कसाऱ्याची, थोडी शिकलेली. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. एका दुपारी बाईजा बाहेर गेलेली बघून ती बाळाला घेऊन हौसाजवळ आली.

"घ्या ना वहिनी. अजून हातात पन घेतला नाय तुमी."

बाळानं जांभई दिली. हौसाचे हात पुढं झाले आणि तिथंच थांबले. चिमाचा नातू तिच्या मांडीवर खेळला होता, हे तर खरंच होतं.

"नको," ती म्हणाली. "झोपेला आलाय तो. ने त्याला आत."

आणि पूजा आत जाईपर्यंत ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.