दहा सेकंदांची शांतता

माझ्या भावाला दोन सेकंद गप्प बसता येत नाही. उगाच म्हणत नाही मी, आठ वर्षं त्याचं बोलणं कॉम्प्युटरवर कापतेय. त्याचं ‘अं’ कापते, त्याचं ‘म्हणजे बघा ना’ कापते, पाहुण्याने तोंड उघडायच्या आत त्याने घातलेलं नाक कापते. एका एपिसोडमध्ये तो ‘स्वातंत्र्य’ हा शब्द त्रेसष्ट वेळा म्हणाला होता. मोजले मी. वीस ठेवले, बाकीचे उडवले, कुणाला पत्ताही लागला नाही.

तर हा आमचा विचारवंत. त्याचा पॉडकास्ट आहे. स्वातंत्र्य, संस्कृती, नवनिर्मिती, असले सगळे मोठे मोठे विषय. दर आठवड्याला एक पाहुणा बोलवायचा, त्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर स्वतःच द्यायचं. लोक म्हणतात, किती छान संवाद साधतो तुमचा भाऊ! डोंबल संवाद. संवाद मी साधते, घरी बसून, हेडफोन लावून, मान मोडेपर्यंत.

आमची कामाची एक पद्धत आहे. प्रत्येकाला वेगळा माइक, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. मग मी एक प्रोग्रॅम चालवते. एक जण बोलत असला की तो दुसऱ्याचा ट्रॅक आपोआप बंद करतो, कारण कुणाची खुर्ची करकरते, कुणी नाक ओढतं. सगळं कसं स्वच्छ होतं. आठ वर्षांत या पद्धतीबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचे बाबा बाइंडर. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान, एक खोली आणि पुढे ओटा. पन्नास वर्षं तिथे त्यांनी पुस्तकं शिवली, पिठाची खळ शिजवून चिकटवली. जाडजूड पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहावं म्हणून शिवणीची एक वेगळी पद्धतही त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढली होती. गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय बरेच सुधारले, बोलणं मात्र अडलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त घाई करू नका. आम्ही ‘हो हो’ म्हणालो आणि घाईघाईने त्यांना माझ्या घरी आणलं.

तेव्हापासून बाबा गप्पच. विचारावं एक, तर काहीच नाही. आणि मध्येच काहीतरी भलतंच. टीव्ही लावू का विचारावं तर म्हणायचे, “पोळी नको.” चहात साखर घालू का विचारलं, काही बोलले नाहीत, म्हणून मी साखर बंद केली. तब्येतीलाही बरं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचे, असंबद्ध बोलतात हो आता, काय करणार.

वर्षभर दुकानाला कुलूप होतं आणि किल्ली भावाकडे. मग एक कॉफीवाला भेटला, त्याला ती जागा हवी होती. भाऊ म्हणाला, देऊन टाकू, बाबाही मोकळे होतील. मी म्हटलं, बाबांना विचारल्याशिवाय नाही. जागा त्यांची, हात त्यांचे. तर हा म्हणतो कसा, “ताई, विचारूच! माइकवर विचारू! बाबांवर एपिसोड करू, आणि शेवटी दुकानाचा निरोप त्यांच्याच तोंडून घेऊ.”

कपाळावर हात मारून घेतला मी. पण वाटलं, निदान विचारेल तरी.

बुधवारी दुपारी मी बाबांना त्याच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत घेऊन गेले. भिंतींना फोमचे तुकडे चिकटवलेली, खिडकी नसलेली खोली ती, त्यात जीव गुदमरतो. बाबांना खुर्चीत बसवलं, माइक जवळ ओढला, आवाज तपासायला विचारलं, “बाबा, नीट बसलात ना? काही हवंय?” ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “ताई, तू बाहेर थांब. तिसरं माणूस असलं की माझा सूर लागत नाही.” मी दार लोटून बाहेर आले.

चाळीस मिनिटांनी साहेब डोळे पुसत बाहेर. “बाबांनी होकार दिला.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले काहीच नाहीत. पण त्यांच्या मौनातच सगळं होतं गं. शनिवारी अकरा वाजता कॉफीवाल्याला किल्ली देतोय.”

बाबा खुर्चीतच होते. दमलेले दिसत होते, कपाळावर घाम. मी म्हटलं, फार वेळ बसवलं याने. घरी नेलं, झोपवलं.

शुक्रवारी सकाळी एपिसोड कापायला घेतला. नेहमीची पद्धत, प्रोग्रॅम चालवला. चाळीस मिनिटांत भाऊच भाऊ. बाबांचे मिळून चार शब्द, त्यातला एक खोकला. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. फाइल पाठवली तर दहा मिनिटांत ह्याचा फोन. “ताई, अप्रतिम! नाव ठेवू ‘मौनातलं स्वातंत्र्य’. फक्त एक कर. अगदी शेवटी बाबांची दहा सेकंदांची शांतता ठेव. नुसती शांतता. त्यांचा श्वास ऐकू येऊ दे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे.”

काटा म्हणे! बरं, म्हटलं, ठेवते. प्रोग्रॅमने बंद केलेल्या जागी श्वास कुठून येणार, म्हणून मूळ ट्रॅक काढला. नुसता बाबांचा, काहीही न कापलेला. त्यात दहा सेकंदांची सलग शांतता शोधायला लागले.

सापडेना.

आधी वाटलं, माझाच काहीतरी घोळ झालाय. पडद्यावर सगळीकडे आवाजाच्या बारीक बारीक रेघा. मी आवाज वाढवला आणि हेडफोनमध्ये बाबा बोलत होते. हळू, अडखळत, पण बोलत होते. “पुस्तक... मिटायचं,” बाबा म्हणत होते. “लिहिणाऱ्याचा... एक हात... धरण्यातच जायचा.”

हे काय आता? मी दोन्ही ट्रॅक एकमेकांखाली लावले. भावाने विचारलं होतं, “बाबा, नवनिर्मिती म्हणजे तुमच्या दृष्टीने काय?” आणि श्वासही न घेता पुढे सुरू, नवनिर्मिती म्हणजे बंडखोरी, नवनिर्मिती म्हणजे अमकं नि तमकं. त्याच्या त्या बडबडीखाली, बरोबर अकरा सेकंद शब्दासाठी चाचपडून, बाबा उत्तर देत होते.

पुढचा प्रश्न ऐकला. “संस्कृती कशाने टिकते?” ह्याचं प्रवचन चालू. अकरा सेकंद. “खळ... रोज ताजी करायची. शिळी... सुटते.”

“आणि स्वातंत्र्य?” ह्याने विचारलं होतं, आणि तिथून सहा मिनिटं स्वतःच झोडलं होतं. खाली बाबा: “सकाळी... आपलं कुलूप... आपण काढायचं.”

आठ वर्षांत त्या शब्दावर मी इतकी माणसं ऐकली. कुणाचं एक वाक्य लक्षात राहिलं असेल तर शपथ.

आणि शेवटी ह्याचा तो भरल्या गळ्याचा प्रश्न. “बाबा, दुकानाचा निरोप घेऊन आता मोकळं व्हायचं, चालेल ना?” एक सेकंद, दोन सेकंद. “बघा, काही उत्तरं शब्दांत मावत नाहीत...” आणि त्याचं समारोपाचं भाषण सुरू. त्या भाषणाखाली बाबा आधी एकदा, मग पुन्हा जरा मोठ्याने म्हणत होते, “नाही. शिकंज्यात पुस्तक आहे. नाही.”

शिकंजा म्हणजे खळ लावलेलं पुस्तक दाबून ठेवायचं ते लोखंडी यंत्र. आजारी पडले त्या दिवशी एक पुस्तक त्यात लावून बाबा घरी जेवायला आले होते. ते वर्षभर तिथेच. आणि समोर बसलेल्या ह्या शहाण्याला यातलं काही ऐकू आलं नाही, कारण, नंतर त्यानेच सांगितलं, बाबांना धाप लागते म्हणून ह्याने आपल्या हेडफोनमध्ये त्यांचा आवाज बारीक करून ठेवला होता. नजर सगळा वेळ आपल्या प्रश्नांच्या कागदावर.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून त्याला फोन करणार होते, चांगल्या शिव्या हासडणार होते. पण ट्रॅक अजून चालू होता, आणि सवयीने मी तो आधी परत मागे नेला, अगदी सुरुवातीला. तिथे बाबांच्या माइकने पकडलेला माझाच आवाज. “बाबा, नीट बसलात ना? काही हवंय?” मग भावाचं ते तिसरं माणूस आणि सूर. मग दार लोटल्याचा आवाज. मग बाबा.

“तू... थांब इथे.”

पोळी नको. त्या दिवशी टीव्हीच्या आधी मी पोळी विचारली होती. असंबद्ध म्हणे! सगळ्या घरादाराला सांगत सुटले होते मी. आणि भावाने एकदाच केलं होतं ते मी वर्षभर, दिवसातून वीस वेळा केलं होतं.

दुपारी भावाला बोलावलं. बाबांचा ट्रॅक अकरा सेकंद मागे ओढून प्रश्नांशी जुळवून ठेवला होता, तो त्याच्या कानाला लावला. ऐकताना चेहरा पांढरा पडला त्याचा. हेडफोन काढला, आणि मला वाटलं आता रडेल.

“ताई,” तो म्हणाला, “हे अफाट आहे. ह्याचेच दोन एपिसोड होतील.”

“एपिसोड गेला खड्ड्यात! उद्या तू किल्ली देतोयस!”

“अगं, पण मी त्यांना शब्द दिलाय.”

“दे की अजून चार! तुझ्याकडे शब्दांना काय तोटा?”

“आणि ते ‘नाही’ नेमकं कशाला होतं, हे तू कशावरून सांगतेस? तू ट्रॅक सरकवलास, तू जुळवलंस. कापायचं काम तुझंच असतं ना?”

बोलला ते मला झोंबलं, पण खोटं नव्हतं. मी म्हटलं, “ठीक आहे. उद्या दुकानात, कॉफीवाल्यासमोर, तूच परत विचार. एकदाच विचारायचं आणि तोंड बंद ठेवायचं. अकरा सेकंद.”

“त्यात काय एवढं,” म्हणाला. त्यात काय एवढं!

शनिवारी अकराला आम्ही ओट्यावर. कॉफीवाला मोजपट्टी घेऊनच आला होता. भला माणूस, त्याचा काय दोष. भावाने कुलूप काढलं. आत खळीचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास, टेबलावर दाभण, दोऱ्याची रिळं, सगळं त्या दिवशी ठेवलं तसंच. कोपऱ्यात शिकंजा. बाबांनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि तिथेच उभे राहिले.

“बाबा,” भाऊ म्हणाला, “हे दुकान ह्यांना द्यायचं का?”

मी त्याचं मनगट धरलं आणि मनात मोजायला लागले. तीनला त्याने घसा खाकरला, मी मनगट आवळलं. पाचला त्याचे ओठ हलले. सहाला कॉफीवाला म्हणाला, “काही घाई नाही हं, काकांना—” आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याने मोजपट्टी खिशात घातली. आठ. नऊ. बाबांचा जबडा हलत होता, मानेची शीर ताठ झाली होती. केवढे कष्ट ते! आणि एवढे कष्ट हा माणूस वर्षभर रोज घेत होता आणि आम्ही खोलीतून निघून जात होतो. दहा.

“नाही,” बाबा म्हणाले.

कुणीच बोललं नाही. भाऊसुद्धा नाही.

“शिकंज्यात... पुस्तक आहे. आधी... ते.” मग हात पुढे केला, तळवा वर. “किल्ली.”

भावाने किल्ली दिली. कॉफीवाल्याला बाजूला घेऊन तो माफी मागायला लागला, आणि चक्क दोनच वाक्यांत मागितली. बाबा भिंतीचा आधार घेत शिकंज्यापाशी गेले. वर्षभर घट्ट बसलेला स्क्रू त्यांच्या एका हाताला दाद देईना, तेव्हा भावाने दुसऱ्या बाजूने हात लावला. पुस्तक निघालं. बाबांनी ते टेबलावर ठेवून मधोमध उघडलं आणि हात काढून घेतला. पुस्तक सपाट उघडं राहिलं.

मला तिथे उभं राहवेना. डोळे भरून आले की मला काहीतरी काम लागतं.

“बाबा, चहा घेऊन येऊ का?” असं म्हणत मी वळलेसुद्धा, ओट्याची पायरीही उतरले. मग लक्षात आलं. काय बाई आहे मी, आत्ताच तर मोजले होते! मागे फिरले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि मोजायला लागले. रस्त्यावरून कुणीतरी मला हाक मारून गेलं, मी बघितलं नाही.

“हो,” बाबा म्हणाले. मी तरी हलले नाही. त्यांचं संपलं नव्हतं, ओठ अजून हलत होते.

“आणि... साखर घालत जा.”