रिकाम्या घरातले पाय

"घर रिकामं वाटलं पाहिजे," साहेब म्हणाला. "म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे कुणी राहतच नाही."

त्याचं खरं नाव काही वेगळंच होतं, पण गळ्यात कॅमेरा आला की तो असा कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा, की माध्यमांच्या वर्गात सगळे त्याला साहेबच म्हणायचे. वय एकोणीस, मिशी अजून विचारात होती.

ज्या घराबद्दल हे चाललं होतं, ते ताईचं. ताई म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. लग्न झालेली, पहिली पदवी घेऊन बसलेली, आणि तीन वर्षांच्या मुलीला, भिंगरीला, पाळणाघरात सोडून पुन्हा वर्गात येऊन बसलेली. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला ताई करून टाकलं आणि ते तिच्या अंगाला चिकटलं.

मॅडमनी काम दिलं होतं ते असं: एका सिनेमाची फक्त सुरुवात करायची. नाव पडद्यावर येईपर्यंतची. पुढचा सिनेमा नसला तरी चालेल, पण बघणाऱ्याला पुढचा हवाहवासा वाटला पाहिजे. गटात चौघं. साहेब दिग्दर्शक आणि कॅमेरा. चष्मा लावणारी एक शांत मुलगी आवाजाचं बघणार. तिच्या कानावरून हेडफोन कधी उतरत नसत, म्हणून तिचं नावच हेडफोन. तिसरी नायिका, म्हणजे जिला आरशासमोरून हलवायला दोघं लागत. आणि चौथी ताई, जिचं काम अजून ठरायचं होतं.

ठरणार कसं? ठरवायच्या दोन्ही बैठकांतून ती मधेच उठून गेली होती. एकदा पाळणाघरातून फोन आला, भिंगरीला शिंका येताहेत. दुसऱ्यांदा फोन आलाच नाही, म्हणून जीव राहिना. दुसऱ्या वेळी चप्पल घालताना तिने मागून नायिकेचं बोलणं ऐकलं होतं. "ताई चांगल्या आहेत गं, पण शूटिंगच्या दिवशी अशाच उठल्या तर? मॅडम म्हणाल्यात, जमत नसेल तर शूटिंगआधी गटातून एखादं नाव कमी करता येतं." साहेब काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणंच ताईला लागलं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "माझ्या घरी करूया. दुपारी अख्खी इमारत शांत असते."

आता त्या घरातून ती एकेक वस्तू उचलत होती. तीन चाकांची सायकल न्हाणीघरात गेली. भिंतीवरची खडूची चित्रं ओल्या फडक्याने पुसली. टेबलाच्या कोपऱ्यांना चिकटवलेले स्पंजचे तुकडे तिने नखाने काढले.

"हे कशाला लावलंय?" नायिकेने विचारलं.

"डोकं आपटू नये म्हणून."

"कुणाचं?"

"कुणाचंही," ताई म्हणाली.

ताई होतीच तशी. लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, ही न पोळताच फुंकणारी. खिडक्यांना जाळी, गॅलरीला गज, फ्रिजला लहान मुलांना उघडता येणार नाही असं प्लास्टिकचं कुलूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं तरच सुटणारं. आणि भिंगरी घरात कशालाही हात लावायला गेली की ताईचं एकच वाक्य ठरलेलं: "थांब, आधी मी बघते."

भिंगरी त्या दुपारी घरीच होती. पाळणाघर ऐनवेळी बंद निघालं. पण नशीब असं की जेवून आतल्या खोलीत ती गाढ झोपली होती. ताईने तिच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, श्वास बघितला, बाहेर आली, पुन्हा आत जाऊन श्वास बघितला.

सुरुवात त्यांनी अशी रचली होती. एक मुलगी जिना चढून घरी येते. पर्समध्ये किल्ली शोधते. दाराखालच्या फटीतून आतल्या उजेडाची पट्टी बाहेर आलेली असते. ती किल्ली लावणार, तेवढ्यात त्या पट्टीतून दोन पायांची सावली सरकते. घरात तर कुणीच नसतं. बस्स, नाव.

"आणि ताई, ते पाय तुमचे," साहेब म्हणाला.

"फक्त पाय?"

"अहो, सगळा सिनेमा त्या पायांवर उभा आहे!"

हेडफोनने एक छोटा बिनतारी माईक दाराशेजारच्या चपलांच्या स्टँडमागे लपवला, आतल्या पावलांचा आवाज टिपायला. मग तिने मान वाकडी करून कान टवकारले. "फ्रिज गुणगुणतोय. बंद करावा लागेल."

"त्यात दूध आहे. औषध आहे," ताई लगेच म्हणाली. "नंतर चालू करायचा राहिला तर?"

"त्याला युक्ती आहे. फ्रिज बंद केला की घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय कुणी बाहेर पडत नाही. किल्ली घ्यायला गेलं की आपोआप फ्रिजची आठवण होते."

ही युक्ती ताईला फारच पटली. आपल्यासारखंच डोकं असलेलं माणूस जगात भेटलं की बरं वाटतं. तिने स्वतःच्या हाताने कुलूप दाबून फ्रिज उघडला, दाराच्या खालच्या कप्प्यात दुधाशेजारी किल्ली ठेवली, फ्रिज लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

तिघं बाहेर जिन्यात गेली. साहेबाने कॅमेरा तिपाईवर पार खाली, फटीच्या पातळीला बसवला. दाराच्या कडेला ताईने लावलेला रबरी अडसर होता, भिंगरीची बोटं चेमटू नयेत म्हणून. तो चौकटीत दिसत होता, म्हणून साहेबाने काढायला लावला. उजेड वाढवायला समोरची खिडकी सताड उघडली. ताई दाराआडून चालली. एकदा, दोनदा.

"ताई, सावली फिकी पडतेय. जरा बाहेर येऊन तुम्हीच बघा ना."

ताई बाहेर आली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकली. आणि मागून वारा आला.

दार आपटलं. कडक, स्वच्छ, आपोआप लागणाऱ्या कुलपाचा आवाज. हेडफोनच्या कानात तो इतक्या जोरात गेला की ती दचकून भिंतीला टेकली.

क्षणभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग चौघांच्याही एकदमच आलं.

"किल्ली," नायिका म्हणाली.

"फ्रिजमध्ये," हेडफोन म्हणाली.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गॅलरीला गज तिनेच बसवलेले, खिडक्यांना जाळी तिनेच लावलेली. घरात शिरायला मुंगीला वाट ठेवली नव्हती. कोपऱ्यांचे स्पंज मात्र काढलेले, समोरची खिडकी उघडी, आणि आत तिची मुलगी एकटी. तिने नवऱ्याला फोन लावला. दुसरी किल्ली त्याच्याकडे होती आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर. "निघालोच," तो म्हणाला, पण निघालोच म्हणजे तासभर तरी.

"मी कुलूपवाल्याला आणतो," साहेब म्हणाला. त्याची कंबरेवरची ऐट कुठल्या कुठे गेली होती. कॅमेरा तसाच तिपाईवर सोडून तो जिन्यावरून धडाधड उतरला.

ताईने दार ठोकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. ठोकलं तर भिंगरी जागी होणार, नाही ठोकलं तर आत काय चाललंय ते कळणार नाही. तेव्हा हेडफोनने जन्मात पहिल्यांदा कानावरचे हेडफोन काढले आणि ताईच्या कानांवर ठेवले.

"माईक आत चालूच आहे. ऐका."

ताई जिन्याच्या पायरीवर बसली. आधी नुसती खरखर आली, मग घड्याळाची टिकटिक, मग पडदा हलल्याचा आवाज. तिने स्वतःच्या घराचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. ती नसताना घर कसं असतं, हे तिला कुठून माहीत असणार?

मग पावलं. अनवाणी, छोटी, पटपट.

"उठली," ताई कुजबुजली. नायिकेने तिचा खांदा घट्ट धरला.

"आई?" मग थोडा वेळ काहीच नाही. आता रडेल, आता खिडकीकडे जाईल. पण हेडफोनमध्ये आवाज आला तो भलताच, ठसक्यात, मोठ्या बाईसारखा.

"पळायचं नाही हं बाहुले. पडलीस की काय होतं? टाके! खिडकीत जायचं नाही. कुठेच जायचं नाही. थांब, आधी मी बघते."

ताईने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबले. तो सूर, ते वाक्य, ती मधली घाई, सगळं तिचंच होतं. एवढंच की बाहेरून ऐकताना ते फार दमलेलं वाटत होतं.

ती उठली आणि दाराच्या कडेला गुडघ्यांवर बसली. "भिंगरी, मी इथेच आहे. दाराच्या पलीकडे."

पावलं धावत आली. "आई, तू बाहेर का?"

"दार लागलं गं, सोन्या. वाऱ्याने."

"तू आधी बघितलं नाहीस?"

नायिकेला हसू फुटलं, तिने तोंड दाबलं. ताईलाही, रडता रडता.

"नाही बघितलं. चुकलंच माझं."

"ताई," हेडफोन हळूच म्हणाली, "तिला सांगा ना, फ्रिजमधून किल्ली काढायला. फटीतून येईल."

"नाही उघडणार. मुलांसाठीचं कुलूप आहे. मीच लावलंय."

"तुम्ही घर बांधलंय की किल्ला?" नायिका म्हणाली, पण टोमणा नव्हता त्यात.

आई कुणाशी तरी फ्रिजमधल्या किल्लीबद्दल आणि कुलपाबद्दल बोलली, ते दारामागे पोचलं होतं. मग भिंगरीचा आवाज आला, अगदी बारीक.

"आई. तू रागावशील?"

"कशाला?"

"आधी सांग. रागावशील?"

"नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

पावलं दूर गेली. ताईने कान देऊन ऐकलं. दूरवर, स्वयंपाकघरातून, टक् असा आवाज आला. झटापट नाही, ओढाओढ नाही. रोजचा हात असावा, तसा एकच टक्. ताईला आठवलं, चॉकलेटं हल्ली फारच लवकर संपतात आणि ती उगाच नवऱ्यावर संशय घेत होती.

मग दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत सावली आली. दोन पाय. इवले, शेजारी शेजारी, बोटं थोडी आत वळलेली. भिंगरी बाहुलीला म्हणाली, "थांब हं," आणि फटीतून किल्लीचं टोक बाहेर आलं. अडकलं. पुन्हा आत गेलं, आडवं होऊन पुन्हा आलं. सरकत सरकत, थंडगार, ताईच्या बोटांपर्यंत.

साहेब कुलूपवाल्याला घेऊन धापा टाकत वर आला, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि भिंगरी ताईच्या कडेवर होती.

"उघडंच आहे की," कुलूपवाला म्हणाला. "मला काय लावायला बोलावलंत?"

त्याला पाणी दिलं, वाटखर्चीचं विचारलं, तो हसून निघून गेला, आणि ताईने नवऱ्याला फोन करून सगळं ठीक असल्याचं कळवलं. मग साहेबाचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. लाल दिवा चालू होता. तो खाली बसला, मागे नेऊन चित्र बघितलं, आणि पुन्हा मागे नेऊन बघितलं.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "पाय आलेत. किल्ली पण आलीय. मी मुद्दाम नाही हो ठेवला चालू, खरंच. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसतो. ठरवलं होतं तसं परत करू."

"थांब," ताई म्हणाली. "आधी मी बघते."

चौघं त्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाकली. अंधारी चौकट, उजेडाची पट्टी, इवले पाय, किल्ली. शेवटी चौकटीत एक मोठा हात येतो आणि ती उचलतो. ताईने ते पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना तिच्या कपाळावर आठी पडली, पण ती काळजीची नव्हती.

"ठेव," ती म्हणाली. "पण माझा हात यायच्या आधी काप. हात दिसला की कळतं, बाहेर आई आहे, आता सगळं ठीक होणार. सुरुवातीलाच ते कळता कामा नये. किल्ली बाहेर येते, आणि ती घ्यायला कुणीच नाही. तिथे नाव."

साहेबाने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती आत्ताच वर्गात आली.

"आणि पावलांच्या आधी तो बाहुलीशी बोलतानाचा आवाज," हेडफोन म्हणाली. "घालायचा?"

"घाला," ताई म्हणाली. "मला तो परत ऐकायचाच आहे."

"मग माझं काय?" नायिका म्हणाली. "मी नुसतीच जिना चढू?"

"तू नुसतीच घाबर," साहेब म्हणाला. "तेवढं जमलं तरी पुष्कळ." नायिकेने त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि चौकटीत उभी राहायला गेली. पुढच्या बैठकीची वेळ ठरवताना साहेबाने आपणहून विचारलं, "ताई, तुम्हाला कधी जमेल? इथेच करू, भिंगरीसकट."

सगळी गेल्यावर ताईने सायकल बाहेर काढली, कोपऱ्यांना स्पंज चिकटवले. किल्ली खिळ्याला टांगत होती, तेव्हा भिंगरी पायात येऊन उभी राहिली.

"आई, फ्रिजमध्ये अंधार होता."

ताईने कपाळावर हात मारला. किल्ली लवकर बाहेर आली आणि फ्रिज साफ विसरला. तिने बटण लावलं, दूध हुंगून बघितलं, ठीक होतं. मग फ्रिजचं दार लावलं, आणि सवयीने हात कुलपाकडे गेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आता त्या कुलपाला काही अर्थ नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

तरी ताईने ते लावलं. टक्.

"नीट लाव हं," भिंगरी म्हणाली आणि मोठ्या समजूतदारपणे बाहुलीला घेऊन बाजूला झाली.